जिभेने लावलेली तिकिटं

१

सगीनबेक मास्तर जाऊन अडीच महिने झाले, तरी बुरूलच्या हातांना ते काही उमजेना. दुपार कलली, चुलीवर किटली धुसफुसू लागली की हात आपले कपाटातून दोन पियाले काढायचे. एक तिचा, एक त्यांचा. मग ती भानावर यायची आणि दुसरा पियाला पुसून पुन्हा पालथा घालायची. न वापरलेला पियाला पुसायचा कशाला, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाचं कार्य यथासांग झालं होतं. घोडी कापली, अख्ख्या गल्लीला जेवण घातलं, रिवाजाप्रमाणे कपडे वाटून टाकले. कोट धाकट्या दिराला गेला, बूट ज्याने प्रेताला आंघोळ घातली त्या शेजारच्या तोल्कूनला. मेलेल्याचं कापड घरात राहिलं की त्याचा पाय निघत नाही, असं या काराकोल गावातली जुनी माणसं म्हणतात. बुरूल असल्या गोष्टी फारशा मानणारी नव्हती, पण लोकांनी नावं ठेवायला नकोत म्हणून तिने सगळं वाटलं. फक्त लोकरीची एक करडी बंडी तेवढी गाद्यांच्या चळतीत सारली. एका बंडीने काय आभाळ कोसळणार होतं.

राहिली होती ती तिकिटं. मागच्या खोलीतलं भिंतभर कपाट आणि त्यात ओळीने लावलेले अल्बम. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे ते पोटापुरतं, बाकी सगळा जीव त्या खोलीत. बुरूल पोस्टात तीन नंबरच्या खिडकीवर बसायची, तेव्हा हा तरुण मास्तर रोज येऊन एकच तिकीट घ्यायचा. ती ओला स्पंज पुढे सरकवायची, तर हा तो बाजूला सारून तिकीट जिभेवर ठेवायचा. "पाण्याने लावलेलं सुटतं, जिभेने लावलेलं राहतं," म्हणायचा. लग्नानंतरही त्याने तिला नावाने हाक मारली नाही. 'खिडकी' म्हणायचा. "काय गं खिडकी, उघडी आहेस का? चहा दे." तिने तर त्याचं नाव कधी घेतलंच नाही, कारण आपल्या माणसाचं नाव बायको तोंडात धरत नाही.

खरं सांगायचं तर तिकिटं म्हणजे तिची सवत होती. पण सवत झाली तरी घरात कुणीतरी होतं. आता लेक बिश्केकहून सारखी मागे लागली होती. "आई, घर बंद कर, हिवाळा इकडे काढ. आणि ते अल्बम आधी विकून टाक, नाहीतर तू त्यांना सोडून यायची नाहीस." जाझगुल आईला पुरती ओळखून होती.

बुरूललाही त्या घरातून सुटायचंच होतं. त्याचं कारण तिने लेकीला सांगितलं नव्हतं. दुसरा पियाला पालथा घातला की मागच्या बंद खोलीतून एक बारीक आवाज यायचा. चक्. जीभ टाळूवरून सुटावी तसा. नळ म्हणावा, तर त्या खोलीत नळ नव्हता.

२

तिकिटांची किंमत ठरवायला लेकीने जो माणूस पाठवला त्याचं नाव मेदेर. तिशीचा, गोल चेहऱ्याचा आणि भारी बडबड्या. बिश्केकहून टॅक्सीने आला तो फाटकाशीच बुरूलशी असा बोलू लागला की जणू याच घरात रांगला होता. तोल्कूनने त्याची बॅग उचलून आत आणली, ओसरीवर टेकवली आणि नाकाच्या शेंड्याला अंगठा लावून दोनदा खाकरला. मग उरलेलं काम आठवून निघून गेला.

"मुलगा का तुमचा, अपा? भिंतीवरच्या फोटोतल्या मास्तरांचीच ढब आहे." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं अपा म्हणत मेदेरने विचारलं.

"छे रे. हा तान्हा असताना मास्तर याच्या तोंडात थुंकले होते. खाकरणं तेवढं उचललं मेल्याने, भूगोल काही उचलला नाही."

मेदेर हसला. मूल ज्याच्यासारखं व्हावं वाटतं त्या माणसाला घरी बोलवायचं आणि तान्ह्याच्या तोंडात थुंकायला सांगायचं, ही रीत त्याच्याही घरी होती. मास्तरांच्या तोंडाला तर गल्लीत मागणी असायची. "आम्हालाही कुणीतरी शोधायला हवं," मेदेर म्हणाला. "माझ्या बायकोला, नाझिकला, सातवा लागलाय. ती म्हणते डॉक्टर बघू, मी म्हणतो ड्रायव्हर बघू, निदान पोरगं कधी उपाशी राहणार नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजलाच. "आली बघा आमची ठाणेदारीण," म्हणत त्याने तो उचलला आणि पोहोचलो, जेवतो, हो स्वेटर घातलाय, असं सगळं शहाण्या पोरासारखं सांगितलं. बुरूलला तो तिथेच आवडला.

तळलेले बोर्सोक आणि चहा झाल्यावर तो मागच्या खोलीत बसला. त्याची काम करायची पद्धत बघत ती दाराशी उभी राहिली. तिकिटाला बोट लावायचं नाही. चिमट्याने अलगद उचलायचं, चित्राकडे एक नजर टाकायची आणि उलटं करून पाठ बघत बसायचं.

"लोक तोंड बघतात, अपा, आम्ही पाठ बघतो. हा बघा, कागदाचा चिमुकला तुकडा. दुमडून अर्धा तिकिटाला, अर्धा पानाला लावायचा. आम्ही याला पट्टी म्हणतो. माझे आजोबा या जिभेने ओल्या करून लावायचे. आता थुंकी लावली की भाव पडला समजा." त्याने तुवा या जुन्या चिमुकल्या देशाचं एक त्रिकोणी तिकीट भिंगाखाली धरलं. "मास्तरांनी मात्र सोनं जमवलंय. अल्मातीचं माझं गिऱ्हाईक सगळंच्या सगळं उचलेल. दोन दिवसांत तुम्ही मोकळ्या."

मोकळ्या हा शब्द बुरूलने मनात दोनदा घोळवला. तो ऐकायला तिला फार बरं वाटलं.

मेदेरने पुढचं तिकीट उचललं, उलटं केलं आणि चिमटा तसाच हवेत धरला. मग त्याने करंगळीचं टोक पट्टीला लावून बघितलं.

"अपा, हे तुम्ही आज सकाळी लावलंत का?"

"मी? मी त्या कपाटाला हातसुद्धा लावत नाही."

"ओलं आहे," तो म्हणाला.

३

ओल असेल, असं दोघांनी ठरवलं. लाकडी घर, वर उंच पत्रा, बाजूला सरोवराची हवा. त्या पानावरची बाकीची तिकिटं खडखडीत कोरडी होती, पण ओलीला काय, ती कुठेही धरते. मेदेरने तुवाची ती सगळी त्रिकोणी तिकिटं सोडवली, टीपकागदावर पालथी मांडली आणि टीपकागद चुलीजवळच्या मेजावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीपकागद रिकामा होता. तिकिटं अल्बममध्ये जागच्या जागी गेली होती, कडेला कड लावून, टोकाला टोक. मेदेरने एकेकाच्या पाठीला बोट लावलं आणि बोट पँटला पुसलं.

तो नाश्ता होईपर्यंत थांबला, मग हळूच विषय काढला. "अपा, विकायचं मन होत नसेल तर स्पष्ट सांगा. मला राग नाही येणार. मी कितीतरी घरं बघितलीत. माणूस गेल्यावर बायकांचा जीव अडकतो. एका बाईने तर मी मोजून ठेवलेला गठ्ठा पिठाच्या डब्यात लपवला होता."

"पिठाचा डबा सोड. मला त्यातलं एक तिकीट जागेवर लावून दाखव म्हण, मला येणार नाही. त्यांनी मला कधी शिवू दिलं नाही. म्हणायचे, तू पोस्टातली, तुझ्या हाताला शिक्का मारायची सवय."

"मग मांजर असेल."

"चांगलं शिकलेलं मांजर दिसतंय."

दोघंही हसले, पण डोळे एकमेकांवर ठेवून. याने काही डाव मांडलाय का, असं बुरूलच्या मनात आलं. किंमत पाडायला हे दलाल काय वाटेल ते करतात. आणि त्याला काय वाटत होतं ते तर त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. म्हातारी एकटेपणाने भ्रमिष्ट झालीय.

दुपारी त्याने कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "आता बघू तुमचं मांजर," म्हणाला. बुरूल चहा घेऊन आली. ती खुर्चीवर बसली, तो मेजाशी. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. चहा पिताना तो नाझिकच्या डोहाळ्यांच्या गमती सांगत होता. तिला म्हणे खडू खावासा वाटतो.

चक्.

मेदेर बोलायचा थांबला. आवाज कपाटातून आला होता. थोडा वेळ गेला आणि पुन्हा, चक्. घाई नव्हती त्या आवाजाला. एखादा माणूस निवांतपणे आपलं काम करत बसावा, तसा तो मधून मधून येत राहिला.

"डिंक," मेदेर म्हणाला. "सुकताना डिंक ओढतो, कागद सुटतो. होतं असं." त्याचा आवाज ठीक होता. पियाला मात्र त्याने खाली ठेवला नाही, दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. बुरूलने मान डोलावली. तिला तो आवाज ओळखू आला होता आणि तसं म्हणायची तिची छाती झाली नाही.

४

चूक झाली ती त्यानंतर, आणि अगदी साध्या रीतीने झाली.

आवाज थांबल्यावर मेदेर उठला, कुलूप उघडलं आणि अल्बम मेजावर आपटल्यासारखा ठेवला. माणूस घाबरला की कामाला लागतो. तो भराभर पानं उलटू लागला आणि एक तिकीट पट्टीसकट निसटून खाली पडलं. त्याने ते उचललं. हाताशी चिमटा होता, ओला स्पंज होता, सगळं होतं. पण लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून जे शिकलं ते हात विसरत नाहीत. त्याचं लक्ष पानावरच्या मोकळ्या जागेकडे होतं. त्याने पट्टी जिभेवर ठेवली, ओली केली आणि तिकीट जागेवर दाबलं.

मग त्याने तोंड वाकडं केलं.

"अपा, मास्तर नसवाय लावायचे का?"

 ती हिरवी तंबाखू मास्तरांच्या खालच्या ओठात सकाळपासून रात्रीपर्यंत असायची. ओठ कायम फुगलेला. त्या वासापायी बुरूल लग्नानंतरचं पहिलं वर्ष तोंड फिरवून झोपली होती.

"लावायचे. का रे?"

"चव लागली. ताजी." त्याने जीभ दातांवरून फिरवली. "मी कधी लावत नाही, मला मळमळतं. पाणी द्या जरा."

तिने पाणी आणलं. त्याने खळखळून चूळ भरली, खिडकी उघडून बाहेर बर्फात थुंकला, परत भरली, परत थुंकला. थुंकी स्वच्छ पांढरी होती. बुरूलने ती मुद्दाम बघितली. मेलेल्या माणसाची ओली थुंकी जिवंत माणसाच्या तोंडात गेली, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो लगेच झटकला. तो काही तान्हा नव्हता, तीस वर्षांचा घोडा होता. रीत पाळण्यातल्या पोरांसाठी असते. असं तिने स्वतःला बजावलं आणि जेवणाच्या तयारीला लागली.

५

सकाळी तो उशिरापर्यंत उठला नाही. उठला तेव्हा नाझिकचा फोन वाजत होता. त्याने तो उलटा करून ठेवला.

"उचल ना रे. काळजी करत असेल."

"करू दे मग," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला.

दुपारपर्यंत त्याची बडबड पार आटली होती. बुरूल दोनदा डोकावून गेली. तो किंमत लिहीत नव्हता. नुसता पानं उलटत होता, मधेच एखादं तिकीट काढून दुसऱ्या पानावर लावत होता. डावा खांदा थोडा वर चढलेला. चिमटा मेजावरच पडून होता आणि तो बोटांनी काम करत होता. अल्मातीच्या गिऱ्हाइकाचं काय झालं, असं तिने विचारलं तर म्हणाला, "विकायची घाई कसली झालीय सगळ्यांना."

तिने चुलीवर किटली ठेवली. हाताने पियाले काढले. दोन काढले, आणि आज पाहुणा होता म्हणून दोन बरोबरच होते.

"काय गं खिडकी," मागच्या खोलीतून आवाज आला. "उघडी आहेस का?"

आवाज मेदेरचाच होता, तरुण आणि भरडा. पण शब्दांच्या आधीचं ते खाकरणं, दोनदा, त्याचं नव्हतं. बुरूल चुलीशी उभी राहिली. कुणी सांगितलं असेल, जाझगुलने सांगितलं असेल, पोरी काय वाटेल ते बोलतात. पण ते नाव जाझगुललाही माहीत नव्हतं. पोरांसमोर मास्तरांनी ती हाक कधी मारली नव्हती.

"खिडके, चहा दे गं."

आणि मग, खोटं कशाला बोला, भीतीच्या खालून एक वेगळीच गोष्ट वर आली. अडीच महिन्यांत या घरात तिला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिने चहात दूध जास्त घातलं, त्यांना लागायचं तसं, आणि पियाला घेऊन आत गेली.

६

पुढचे काही दिवस बुरूल सुखात होती. हे तिने कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण होती. सकाळी उठून ती साय घालून कुयमाकाची जाड धिरडी करायची, दुपारी दारात बसून विणायची. तो काम करता करता अर्धी वाक्यं टाकायचा, ती उरलेली अर्धी पूर्ण करायची. पस्तीस वर्षं असंच चाललं होतं. जिवंतपणी हीच गोष्ट तिला कंटाळवाणी वाटायची.

त्या माणसातून खरा मेदेर मधूनच वर यायचा. एकदा जेवताना घास हातात धरून तो म्हणाला, "अपा, मी इथे किती दिवस झाले?" आवाज लहान मुलासारखा झाला होता. तिने उत्तर देईपर्यंत त्याचा ओठ फुगला, खांदा चढला आणि तो म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

खोलीत गारठा होता. तो खांदे आवळून बसलेला बघून तिने गाद्यांची चळत उपसली, करडी बंडी काढली आणि त्याच्या पाठीवर टाकली. त्याने न बघता हात घातले. बंडी त्याला जराही मोठी झाली नाही. मास्तर तर त्याच्यापेक्षा चांगले रुंद होते. बुरूलने नजर वळवली.

मग तिच्याच फोनवर फोन आला. नाझिकने नंबर जाझगुलकडून मिळवला होता. पोर रडत होती.

"अपा, तो फोन उचलत नाही. आजारी आहे का? माझ्यावर रागावलाय का? मला नुसता त्याचा आवाज ऐकवा."

बुरूल फोन घेऊन आत गेली. "नाझिकचा आहे," ती म्हणाली.

त्याने फोन घेतला तो कानाला लावायला नाही. पडद्यावर त्या पोरीने आपल्या खात्याला लावलेला फोटो दिसत होता, पोटावर हात ठेवून हसणारी. त्याने भिंग उचलून फोटोवर धरलं, कडेकडेने फिरवलं.

"बरी आहे," तो म्हणाला. "पण आपल्याकडे लावायला जागा नाही." आणि फोन परत दिला.

फोनमधून नाझिक हॅलो हॅलो करत होती. बुरूलने तिला सांगितलं की तो झोपलाय. सांगून झाल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. एका पोटुशीच्या नवऱ्याला आपण चहा पाजत बसलोय, असं तिने स्वतःला सरळ शब्दांत ऐकवलं. त्या रागात तिने त्याची बॅग भरली, त्याचे बूट आणून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवले.

"ऊठ पोरा. घरी जा. तिकिटं नको विकूस, काही नको, जा."

त्याने बुटांकडे बघितलं, मग तिच्याकडे. चेहऱ्यावर साधं कुतूहल होतं.

"कुणाचे गं हे? पाहुणा आलाय का कुणी?"

तिने तोल्कूनला बोलावून त्याला ओढून टॅक्सीत घालायला हवं होतं. तिला ते कळत होतं. उद्या बोलावू, ती म्हणाली. उद्या नक्की. आणि बूट उचलून पलंगाखाली सरकवले, वाटेत येत होते म्हणून.

७

नाझिक स्वतःच आली. दुपारची वेळ होती. फाटकाची कडी वाजली म्हणून बुरूल अंगणात गेली, तर बाहेर टॅक्सी उभी आणि फाटकात ती. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. थंडीने गाल लाल झालेले. फोटोत दिसायची त्यापेक्षा खूपच लहान होती.

"तुम्हीच ना बुरूल अपा? मी नाझिक. मेदेरची."

या क्षणाचं काय करायचं ते बुरूलने ठरवून ठेवलं होतं. हाताला धरून आत न्यायचं. बायकोचा हात लागला, पोटातल्या पोराची हालचाल लागली की तो जागेवर येईल, येणारच. ती म्हणणारच होती, ये पोरी.

"खिडके," मागच्या खोलीतून हाक आली, "कोण आलंय गं?"

नाझिकने मान वर केली. बुरूलला वाटलं, आता ओळखेल ही, आता आत धावेल. पण पोरीच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही; त्या आवाजात मेदेरचं आता काही उरलं नव्हतं.

"घरात कोण आहे, अपा?"

"माझे दीर," बुरूल म्हणाली. खोटं इतक्या सहज बाहेर पडलं की तिलाच नवल वाटलं, आणि त्याच्यामागून दुसरं आलं. "तुझा नवरा तर गेला, पोरी. परवाच गेला. अल्मातीच्या गिऱ्हाइकाकडे जातो म्हणाला."

"मला न सांगता?" नाझिक फाटकाजवळच्या बाकावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. "त्यांना विचारा ना. जाताना काही बोलला असेल."

बुरूल वळली. खोलीची खिडकी अंगणाकडेच होती, काच वाफेने धुरकटलेली. "अहो," तिने विचारलं, "मेदेर जाताना काही बोलला का?"

आतून एका तळव्याने काच पुसली. पुसलेल्या जागेत चेहरा आला. खालचा ओठ फुगलेला होता आणि तोंड शांतपणे हलत होतं, दुपारच्या वेळी मास्तरांचं हलायचं तसं.

"कोण मेदेर?" तोंड म्हणालं.

पण डोळे त्या तोंडाचे नव्हते. ते बुरूलकडे बघतच नव्हते. ते तिच्या खांद्यावरून बाकाकडे, त्या न लागलेल्या बटणांकडे बघत होते, ताणून, पांढरे पडून, पाण्यात बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसे. तोंडाने मग एक लांब जांभई दिली. डोळे तसेच राहिले. त्यांच्यातून पाणी सरळ गालावर उतरलं आणि त्या हलणाऱ्या ओठांपर्यंत आलं.

नाझिकने हातांतून तोंड काढलं तेव्हा बुरूल तिच्या आणि खिडकीच्या मधे उभी होती.

"नाही म्हणतात. काही बोलला नाही."

पोर उठली. पाहुणी दारातून तोंडाला भाकर न लावता जाऊ नये, म्हणून बुरूल लगबगीने आत गेली आणि नानचा तुकडा घेऊन आली. आत ये असं तिने म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या पोटुशीला भाकर देऊन वाटेला लावणारी बाई त्या गल्लीत आजवर झाली नव्हती. नाझिकने तुकडा मोडला, कपाळाला लावला, तोंडात घातला. "अल्लाह तुमचं भलं करो, अपा," ती म्हणाली. टॅक्सीचं दार लागलं. गाडी पोस्टाच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत बुरूल बघत राहिली, मग तिने फाटकाला आतून अडसर घातला.

खोलीत तो मेजाशी बसला होता. समोर अल्बम उघडा, बोटांत एक तिकीट. लावायचं काम मधेच राहिलं होतं. जीभ बाहेर काढलेली होती आणि ती हिरवट दिसत होती. डोळे अजून वाहत होते, दाराकडे लागलेले, आणि ती आत आली तेव्हा ते तिच्यावर स्थिरावले. ते काय मागत होते ते तिला समजलं. आंधळ्यालाही समजलं असतं.

बुरूलने डोक्यावरच्या रुमालाचं टोक सोडवलं आणि ते डोळे पुसले. पुन्हा भरले, पुन्हा पुसले. थांबेनात, तेव्हा तिने तळवा वरून खाली फिरवून दोन्ही पापण्या मिटल्या आणि हात तिथेच दाबून धरला. पापण्यांखाली काहीतरी बराच वेळ धडपडत राहिलं.

"दिवसभर बारीक काम करता," ती म्हणाली. "डोळ्यांना पाणी येणारच."